खुलासा : कुकरात भुसा शिजवून साखर होत नाही

‘लाकडाचा भुसा नुसत्या पाण्यात प्रेशर कुकरमध्ये शिजवा, साखर होते, यीस्ट टाका, इथेनॉल तयार’ असा निरोप फिरतो आहे. यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो पटतो.

नुसत्या पाण्याने लाकडातून साखर निघते, हे खरं. पण घरचा कुकर जेमतेम १२० अंश सेल्सिअस गाठतो. इथे २०० अंशांच्या पुढचं पाणी लागतं आणि ते वाफ न होता द्रव राहण्यासाठी वातावरणाच्या पंधरापटीहून जास्त दाब. एवढं तापलेलं पाणी सौम्य आम्लासारखं वागतं. तरी त्यात आधी विरघळतं ते हेमिसेल्युलोज, म्हणजे लाकडातल्या साखरेच्या साखळ्यांपैकी सहज तुटणारा प्रकार. लाकडाचा सर्वांत मोठा भाग असलेलं सेल्युलोज, हीसुद्धा साखरेचीच साखळी, पण चिवट; ते झटपट फोडायला ३०० अंशांच्या आसपास जावं लागतं, किंवा पुढचं काम एन्झाइमांवर, म्हणजे साखळ्या तोडणाऱ्या प्रथिनांवर सोपवावं लागतं. लाकडाला टणकपणा देणाऱ्या लिग्निनची तर साखर होतच नाही.

खरी मेख वेळेची आहे. सुटलेली साखर त्याच गरम पाण्यात रेंगाळली की तिचं फरफ्युरल आणि त्याच्यासारखी इतर रसायनं बनतात, आणि ती यीस्टलाच बाधतात. त्यामुळे सर्वांत जास्त तापमानाला हा खेळ सेकंदांत आटोपून पाणी लगेच थंड करावं लागतं. शिवाय हेमिसेल्युलोजमधून येणारी झायलोज ही साखर आपलं पावाचं यीस्ट आंबवत नाही.

आणि कुकरची शिट्टी बांधून दाब वाढवायचा सल्लाही सोबत आला असेल, तर तो अजिबात ऐकू नका. कुकर फुटेल.