उपऱ्याचं वतन

आमच्या घरच्यांचा रविवारचा शास्त्राभ्यास फोनवर चालतो. तिकडे रात्रीची निरवानिरव झालेली असते, इकडे परदेशात मी दुपारच्या उन्हात कपड्यांच्या घड्या घालत ऐकत असतो. गेले तीन रविवार काका आणि माझी चुलतबहीण एकाच प्रश्नावर अडकलेत: ख्रिस्ती माणसाची मालमत्ता खरंच त्याची असते का? बहीण बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा चौथा अध्याय पुढे करते. विश्वासणाऱ्यांपैकी कोणीच आपल्याजवळच्या वस्तूला ‘माझी’ म्हणत नसे, सगळं समाईक होतं. काका लगेच पाचवा अध्याय उघडतात. अननिया नावाच्या विश्वासणाऱ्याने जमीन विकून काही रक्कम दडवली, तेव्हा येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो की विकण्याआधी ती तुझीच होती ना, आणि विकल्यावरही पैसा तुझ्याच हातात होता ना? काकांचं म्हणणं, दोष खोटेपणाचा, जवळ ठेवण्याचा नव्हे. मग दोघंही माझ्याकडे वळतात: “तू तिकडे आहेस, तिकडचे लोक काय म्हणतात?” जणू इथे उत्तरं छापून मिळतात.

इथले लोक काय म्हणतात ते सांगतो. इथल्या चर्चच्या मंडळीत बायबल इंग्रजीतून वाचतात, आणि इंग्रजीत घर, भाऊ, ताप, शंका, देव सगळं ‘हॅव’ या एकाच क्रियापदाने ‘जवळ असतं’. मराठीत तसं एक क्रियापदच नाही. माझ्याकडे पैसे आहेत, मला भाऊ आहे, माझ्यात खोट आहे. प्रत्येक वेळी ‘असणं’ हे त्या वस्तूचं, माझी नुसती विभक्ती. बायबलाच्या जुन्या कराराची हिब्रू याबाबतीत आपल्या जवळची. तिच्यातही ‘बाळगणं’ सांगणारं सर्वसाधारण क्रियापद नाही. ‘येश ली’ म्हणतात, म्हणजे ‘मला आहे’. व्याकरणावरून धर्मशास्त्र काढू नये हे मला कळतं. पण इंग्रजीत वाचताना जो मालक वाक्याच्या तोंडाशीच येऊन बसतो, तो हिब्रूत आणि मराठीत जरा बाजूला उभा असतो, एवढं खरं.

इंग्रजी बायबलात जिथे ‘ताब्यातली वस्तू’ किंवा ‘वारसा’ अशा अर्थाचे दोन-तीन शब्द आलटूनपालटून येतात, तिथे हिब्रूतला प्रत्येक शब्द वेगळ्या माणसासारखा बोलतो. ‘अहुज्जा’ म्हणजे धरून ठेवलेलं. धरणं या धातूपासूनच तो शब्द आला. ‘नहला’ म्हणजे वाटून दिलेला हिस्सा. आणि ‘यराश’ या क्रियापदाला ताबा घेणं आणि दुसऱ्याला हुसकावणं, हे दोन्ही अर्थ चिकटलेले आहेत. देवाने इस्राएल लोकांना देऊ केलेल्या कनान देशाबद्दल हे क्रियापद येतं तेव्हा तिथे आधीपासून कोणीतरी राहत होतं, हे तो शब्दच लपवत नाही.

‘नहला’ला आपल्या मराठी बायबलाने ‘वतन’ म्हटलं. येशूच्या तोंडीही तोच मराठी शब्द आहे: “जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील.” लहानपणी हे वाक्य पाठ होतं, पण अर्थ इथे आल्यावर कळला, कारण इथे ते मला दुसऱ्या भाषेत ऐकावं लागलं. वतन विकायचं नसतं, चालवायचं असतं. ते कोणीतरी दिलेलं असतं आणि त्यामागे चाकरी असते. शिवाय उर्दूत तोच शब्द मायदेशासाठी आहे, म्हणजे माझ्यासारख्याला दोन्हीकडून टोचायला मोकळा.

बहिणीला मात्र हा शब्द नको आहे. वतनामागची चाकरी कोणाच्या वाट्याला वेठ होऊन आली ते तिला पाठ आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं, ते काही शब्दकोशासाठी नव्हतं. ‘वारसा’ म्हणा, ती म्हणते. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी मला ‘वारसा’ गुळगुळीत वाटतो. त्यात देणारा मेलेला असतो. शास्त्रात तो जिवंत आहे, आणि म्हणूनच तर सगळी पंचाईत.

जुन्या करारातल्या ‘लेवीय’ या नियमांच्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय वाचा, म्हणजे पंचाईत कळेल. जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्यापाशी परके आणि उपरे आहात, असं परमेश्वर म्हणतो. दर पन्नासाव्या, योबेल वर्षी विकलेली शेतजमीन मूळ घराण्याकडे परत. म्हणून किंमतही जमिनीची नाहीच. पुढच्या योबेलपर्यंत किती पिकं निघतील तेवढ्याची. वर्षं जास्त तर भाव जास्त, वर्षं कमी तर भाव कमी. तटबंदीच्या गावातलं घर मात्र वर्षभरात सोडवलं नाही तर गेलं ते गेलं. म्हणजे राहतं घर कायमचं हातचं जाऊ शकतं, पोट भरणारी जमीन नाही. हे सगळं वर्षानुवर्षं कितपत पाळलं गेलं हा वेगळा मुद्दा; कायद्याची कल्पना काय होती ते स्पष्ट आहे. काकांनी ज्याला ‘माझी मालमत्ता’ म्हटलं, ती इथे मुदतीचा भाडेपट्टा आहे.

माझा इथला भाडेपट्टा बारा महिन्यांचा. त्याच्या सोळा पानांत मी भिंतीला खिळा कुठे ठोकू नये, पाहुणा किती रात्री ठेवावा, सारं लिहिलंय. राहण्याच्या परवान्याला वेगळी तारीख. दोन्ही कागद एकाच ड्रॉवरमध्ये असतात, आणि ‘परके आणि उपरे’ हे शब्द वाचताना माझा हात आपोआप त्या ड्रॉवरकडे जातो. घरी असताना हे वचन मी दुसऱ्या कोणाबद्दल तरी आहे असं समजून वाचत होतो.

जुन्या करारातली नाबोथाची गोष्टही मी तशीच वाचली होती. इज्रेलात राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा. इस्राएलाचा राजा अहाब म्हणतो, याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख घे. व्यवहार म्हणून वावगं काहीच नाही. पण नाबोथ नकार देतो, कारण तो मळा त्याच्या पूर्वजांची नहला आहे. विकायचा अधिकारच आपल्याला नाही असं तो मानतो. राजा बिछान्यावर तोंड फिरवून पडतो, जेवत नाही. पुढे खोट्या साक्षी, दगडमार, आणि मळा राजाच्या घशात. काका याला खाजगी मालमत्तेच्या रक्षणाची गोष्ट म्हणतात. मला ते उलटं वाटतं. मालकीची भाषा बोलतोय तो अहाब. ज्याची किंमत होते ते घेता येतं, हे त्याचं तत्त्व. नाबोथाची भाषा राखणदाराची आहे.

आता इथवर मी सुखाने वाचत होतो. त्याच लेवीय २५ मध्ये पंचेचाळिसावं वचन येतं: तुमच्यात राहणाऱ्या उपऱ्यांच्या मुलांना तुम्ही विकत घ्या, ती तुमची ‘अहुज्जा’ होतील, मुलाबाळांना वारशाने देता येतील. शब्द तोच, ‘तोशाव’ म्हणजे उपरा, जो बावीस वचनं आधी खुद्द इस्राएलासाठी वापरला. इस्राएली मनुष्य गुलाम म्हणून विकता येत नाही, कारण तो देवाचा सेवक. परका विकता येतो. त्यानंतर लगेच उलटी शक्यताही मांडली आहे: उपरा श्रीमंत झाला आणि इस्राएली गरिबीमुळे स्वतःला त्याच्या हाती विकून बसला, तर नातलगांनी त्याला सोडवावं. उपऱ्याने पैसा केला की यजमानाच्या पोटात गोळा येतो, हे तेव्हाही होतंच. इथल्या अभ्यासात आम्ही तेविसावं वचन मोठ्याने वाचलं, पंचेचाळिसाव्याला वेळ पुरला नाही. घरीही काकांनी आणि बहिणीने दोघांनीही ते सोडलं. मी ते सोडू शकत नाही. जमिनीवर कोणाचीच मालकी नाही म्हणणारा अध्याय माणसावर मालकी देतो, आणि ती नेमकी माझ्यासारख्यावर. याचं मला पटेल असं समर्थन मी अजून ऐकलेलं नाही.

‘आम्ही काहीच मालकीचं ठेवत नाही’ या बहिणीच्या टोकालाही इतिहासाने घासूनपुसून पाहिलंय. संत फ्रान्सिसच्या पंथातल्या, गरिबीचं व्रत घेतलेल्या फ्रान्सिस्कन साधूंनी म्हटलं, आम्ही वस्तू नुसत्या वापरतो. १२७९ मध्ये पोप तिसरे निकोलस यांनी ते मान्य केलं. मालकी चर्चची, वापर साधूंचा. १३२२ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी ती सोय मोडली. खाऊन संपणाऱ्या वस्तूत वापर आणि मालकी वेगळी काढणार कशी, असा त्यांचा सवाल. पुढच्याच वर्षी त्यांनी, ख्रिस्त आणि त्याच्या प्रेषितांचं स्वतःचं असं काहीच नव्हतं हे म्हणणं पाखंड ठरवलं. मला यात पोप वकिली हुशारीने जिंकलेले दिसतात आणि साधू मनाने बरोबर. पण ‘आम्ही फक्त वापरतो’ म्हणणाऱ्याचं सगळं दुसऱ्याच्या नावावर असतं, हेही खरंच.

काका-बहिणीच्या भांडणात मला लूकने लिहिलेल्या येशूचरित्राच्या बाराव्या अध्यायातला माणूस आठवतो. गर्दीतून तो ओरडतो, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी करायला सांगा. त्याची बाजू रास्त होती की नाही, कळत नाही. येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि मोठी कोठारं बांधायला निघालेल्या धनवानाची गोष्ट सांगतो. त्या माणसाच्या बोलण्यात सगळं ‘माझं’: माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, माझा जीव. त्याच रात्री जीव परत मागितला जातो. वाटणीचं काय झालं ते लूकने लिहिलेलं नाही.

गेल्या रविवारी काकांनी विचारलं, “मग तू तिकडे घर घेणार की नाही?” मी त्यांना ‘उत्पत्ती’चा, म्हणजे बायबलाच्या पहिल्या पुस्तकाचा, तेविसावा अध्याय वाचायला सांगितला. अब्राहामाची बायको सारा वारली आहे. देश वचनात मिळालेला, पण हातात वीतभर जमीन नाही. अब्राहाम तिथे राहणाऱ्या हेथाच्या लोकांपुढे उभा राहून म्हणतो, मी तुमच्यात परका आणि उपरा आहे, मला कबरेपुरती अहुज्जा द्या. जमिनीचा मालक एफ्रोन म्हणतो, घे, फुकट घे. अब्राहाम ऐकत नाही. मग एफ्रोन हळूच आकडा सांगतो: चारशे शेकेल वजनाची चांदी, तुझ्या-माझ्यात त्याचं काय मोठंसं? अब्राहाम घासाघीस न करता सगळी चांदी तोलून देतो. गावच्या वेशीत, सगळ्यांच्या देखत. आणि काय मिळालं त्याची नोंद आहे: मकपेलाचं शेत, त्यातली गुहा, आणि शेताच्या चतुःसीमेतलं प्रत्येक झाड.

“झाडंसुद्धा?” काकांनी विचारलं.

झाडंसुद्धा.