बढती हवी? मग शाळा सोडा!

१४ वर्षं. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एकाच शाळेत मी १४ वर्षं सायन्स शिकवलं. लॉकडाउनमध्ये अर्ध्या पगारावर, मुलाला मांडीवर घेऊन ऑनलाइन तास घेतले. आणि कोऑर्डिनेटरची जागा रिकामी झाली तेव्हा ट्रस्टी काय म्हणाले? "आम्हाला फ्रेश ब्लड हवंय." म्हणजे मी काय ब्लड बँकेतली तारीख उलटलेली पिशवी आहे?

बरं, हे फ्रेश ब्लड निघालं ४६ वर्षांचं, नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याहून आलेलं. त्या बाईंवर माझा राग नाही, स्वभावाने चांगल्या आहेत. पहिल्याच आठवड्यात चहा पिताना त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. "मलाही तिकडे ११ वर्षं हलवलं नाही हो. आतल्या माणसाला कुणी वर चढवत नाही. बाहेर पडून दुसऱ्याच्या जिन्यानेच चढावं लागतं."

मग मीही बाहेर पडले. कुठे मिळाली नोकरी? कोपरखैरणे! आता रोज सकाळी मी ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याहून तिकडे जाते, त्या तिकडून ठाण्याला येतात. रबाळ्याच्या आसपास आमच्या गाड्या एकमेकींना क्रॉस करत असतील. दोन्ही शाळांनी जागच्या जागी बढती दिली असती तर रेल्वेचे दोन पास तरी वाचले असते.

मुलाखतीचं तर विचारूच नका. १४ वर्षांचा अनुभव असलेल्या बाईला डेमो लेसन! समोर दोन ट्रस्टी, प्रिन्सिपल आणि माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची एचआरची पोरगी, सगळे सातवीतली मुलं असल्याचं सोंग घेऊन बसलेले. एका ट्रस्टीने तर हात वर करून बोबड्या आवाजात विचारलं, "टीचर, ऑक्सिजन म्हणजे काय?" सातवीतलं पोर बोबडं बोलत नाही हो, ते तुम्हाला विकून खाईल! नंतरचे प्रश्न : मिस्टर काय करतात? मुलगा केवढा आहे? घरी सासू-सासरे असतात का? कोऑर्डिनेटर म्हणून काय करणार, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

इकडे जानेवारीत नियमाप्रमाणे तीन महिन्यांची नोटीस दिली, तर जणू मी तिजोरी फोडून चालले होते. "शाळेने तुम्हाला घडवलं मॅडम!" शाळेने? मी बी.एड.ची फी स्वतः भरली होती. स्टाफरूममधल्या दोघींनी बोलणं टाकलं. मार्चअखेर निरोपाला समोसासुद्धा नव्हता.

आता बढतीचा हिशोब ऐका. पगारात वाढ ६,००० रुपये. मुलगा जुन्या शाळेत आठवीत आहे, त्याची स्टाफची फी सवलत गेली, म्हणजे महिन्याला ५,२०० रुपये गेले. उरलेले ८०० पास आणि रिक्षात जातात, तेही पुरत नाहीत. वर प्रोबेशन दोन वर्षांचं! काल बी.एड. होऊन आलेल्या मुलीला जे, तेच मला. १४ वर्षांचा कायमपणा खाडीच्या अलीकडेच राहिला.

आणि काम? तास तेवढेच, आठवड्याला २६. शिवाय टाइमटेबल, गैरहजर शिक्षकांच्या जागी रोजच्या प्रॉक्सी, पालकांचे रात्री साडेदहाचे व्हॉट्सॲप, उशिरा आलेली बस, शनिवारी ॲडमिशन काउंटर. केबिन मिळेल असं सांगितलं होतं. मिळालं झेरॉक्स मशीनशेजारचं टेबल. तिथे दिवसभर गरम वारा लागतो, बाकी बढतीची ऊब कुठे नाही.

नणंदेला सांगायला गेले तर ती म्हणाली, "तुला निदान शाळा बदलता तरी येते." तिची शाळा अनुदानित. १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी मिळाली, पगार वेळेवर होतो, पण पर्यवेक्षकपदासाठी ज्येष्ठता यादीत वरच्यांच्या निवृत्तीकडे डोळे लावून बसली आहे. संस्था बदलली तर यादीत थेट तळाला. त्यात १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला : पहिली ते आठवीच्या शिक्षकांना बढती हवी तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास पाहिजे. तीस वर्षं सहावी-सातवीला शिकवलेली बाई आता रात्री चष्मा पुसत सराव प्रश्नपत्रिका सोडवते. तिच्यापुढे मी गप्प बसले. घरी येऊन मात्र पुन्हा डोकं फिरलं.

कारण ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळायची ती एकरकमी रक्कम! जुन्या शाळेत अर्ज घेऊन गेले, तर क्लार्क म्हणतो, "मॅडम, ती शिक्षकांना नसते ना?" नसते? १९७२ च्या कायद्यात २००९ साली दुरुस्ती झाली, शिक्षक त्यात आले, तेही ३ एप्रिल १९९७ पासून. शाळावाले त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि २०२२ मध्ये हरले. पाच वर्षं भरली की हक्क, आणि देय झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे. मी हे सगळं त्याला उभ्या उभ्या, फळ्यावर शिकवल्यासारखं सांगितलं. अनुभवाचा दाखलाही अजून दिलेला नाही, त्याचीही आठवण केली. त्याने शांतपणे ऐकलं, पंखा एकने वाढवला आणि म्हणाला, "सरांना विचारून सांगतो. सर मीटिंगमध्ये आहेत."

ही एप्रिलची गोष्ट. आता जुलै लागला, तरी सर मीटिंगमध्येच आहेत.