प्रत्येक वेळी वेगळा ताप दाखवतं? दादा, तुमच्या कमेंटला सविस्तर उत्तर

दादा, तुमची कमेंट काल रात्री वाचली. दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून आज डबे करून झाल्यावर निवांत लिहायला बसलेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की घरात ताप बघायला एकच वस्तू घ्यायची असेल तर साधं पेनसारखं डिजिटल थर्मामीटर घ्या, कपाळासमोर धरायची गन नको. त्यावर तुमचं म्हणणं असं की पेन पाच मिनिटात तीनदा लावलं तर तीन आकडे येतात, त्यापेक्षा आईवडिलांच्या काळातलं पाऱ्याचं थर्मामीटर शंभर पटीने बरं होतं, तुमचा धाकटा दीड वर्षाचा आहे तो जिभेखाली काही ठेवूनच घेत नाही म्हणजे गनशिवाय इलाज नाही, आणि मी हे सगळं कुठल्यातरी कंपनीसाठी लिहिलंय.

कंपनीचं आधी संपवते. मी पोस्टमध्ये कुठल्याच कंपनीचं नाव घेतलेलं नाही, आजही घेणार नाही. आमचं पेन कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून १८० रुपयांना माझ्या पैशाने घेतलेलं आहे.

जिभेखालच्या मुद्द्यावर मात्र तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात आणि मी चुकले. मी सरसकट "जिभेखाली ठेवा" लिहून टाकलं, ते लिहिताना माझ्या डोळ्यासमोर माझी नऊ वर्षांची मुलगी होती. चार-पाच वर्षांच्या आतलं मूल तोंड मिटून नाकाने श्वास घेत मिनिटभर बसत नाही, वर ते चावतंही. त्यांना काखेतच लावायचं. ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी नाइस या सरकारी आरोग्य संस्थेची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत ती पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तोंडात किंवा गुदद्वारात नेहमीसाठी लावू नका असंच सांगतात, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळांना गुदद्वारातलं माप जास्त भरवशाचं मानतात, आणि आपल्याकडे बहुतेक डॉक्टर काखेतलंच विचारतात. घरी आपण काखच धरून चालू.

आता तीन वेळा तीन आकडे. तुमच्यासारखं मलाही सुरुवातीला वाटलं होतं की वस्तूच भंगार आहे, म्हणून मी एकदा मुलीला बरं असताना बसवून सात-आठ वेळा लावून बघितलं. पेनच्या टोकाला आत एक बारीक मणी असतो, थर्मिस्टर म्हणतात त्याला, तो गरम होत गेला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होत जातो आणि त्यावरून आतली चिप आकडा काढते. चिपला तुमच्या मुलाचा ताप माहीत नसतो, तिला फक्त स्वतःच्या टोकाचं तापमान कळतं. ते वाढायचं जवळजवळ थांबलं की ती पीप वाजवते. जिभेखाली हे लवकर होतं कारण टोक सगळीकडून ओल्या गरम मांसात दाबलेलं असतं, पण काखेत थोडी हवा असते, घाम असतो, बनियनची कड मध्ये येते, टोक कधीकधी पाठीमागून बाहेर डोकावत असतं, मग टोक हळूहळू तापतं आणि चिपला वाटतं झालं आता, थांबलं. पीप वाजते. तुम्ही काढता आणि ९८.९ दिसतं. परत लावता, आता काख पहिल्यापेक्षा गरम झालेली असते, ९९.६ येतं.

म्हणून आम्ही काय करतो, तर मुलीचा हात आधी दोनेक मिनिटं अंगाशी घट्ट मिटून ठेवायला लावते, घाम असेल तर पुसून घेते, टोक काखेच्या बरोब्बर खड्ड्यात, वरच्या दिशेने, आणि पीप वाजली तरी काढत नाही. अजून दोन मिनिटं तसंच. बहुतेक पेनमध्ये पीपनंतरही माप चालूच असतं आणि आकडा चढला तर स्क्रीनवर चढतो. डब्यावर "१० सेकंद" लिहिलेलं असतं त्याच्याकडे काखेसाठी दुर्लक्ष करा. एवढं केल्यावर आमचे आकडे दोन पॉइंटच्या आत यायला लागले, आणि दोन पॉइंटचा फरक तर पेनच्या माहितीपत्रकातच लिहिलेला असतो, अधिक-उणे ०.२ फॅरनहाइट. म्हणजे खरा ताप १०० असेल तर ते ९९.८ दाखवेल किंवा १००.२ दाखवेल आणि दोन्ही वेळा ते नीटच चालतंय.

शिवाय माणूस स्वतःच दिवसभर एका तापमानावर नसतो. पहाटे चार ते सहाला अंग सगळ्यात गार असतं, संध्याकाळी चार ते सहाला सगळ्यात गरम, आणि धडधाकट माणसातही जवळपास एक फॅरनहाइटचा फरक पडतो. त्यात मोठ्यांनी चहा पिऊन लगेच जिभेखाली लावलं की झालंच. वीस मिनिटं थांबायला हवं. आमच्याकडे सासूबाई उठल्या उठल्या चहा घेतात आणि मग "बघ गं जरा, कणकण वाटतेय" म्हणतात, त्यामुळे त्यांचं मी काखेतच बघते.

यातूनच पाऱ्याकडे येते, कारण तुमचा अनुभव खोटा नाहीये, पाऱ्याचं थर्मामीटर खरंच छान माप द्यायचं. पण आठवून बघा, आई ते झटकून काखेत ठेवायची आणि "हलू नकोस" म्हणून चार-पाच मिनिटं शेजारी बसून राहायची. ती जी चार-पाच मिनिटं होती ना, तिथेच अर्धा अचूकपणा होता! तेवढाच वेळ डिजिटलला दिला तर तेही तसंच वागतं. पारा नको म्हणते तो त्याच्या मापामुळे नाही, तो फुटतो म्हणून. फुटल्यावर फरशीवर जे चकचकीत गोळे पळतात ते खोलीच्या तापमानालाच हळूहळू वाफ होत राहतात आणि ती वाफ श्वासातून जाणं हा त्यातला मोठा धोका आहे, रांगणारं बाळ घरात असेल तर जास्तच. जपानमधल्या मिनामाता गावाच्या नावाने २०१३ मध्ये पाऱ्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २०१७ मध्ये लागू झाला, भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, आणि पाऱ्याची थर्मामीटर बंद करणं त्याच करारात आहे. तुमच्याकडे जुनं असेल आणि कधी फुटलंच तर झाडू मारू नका, व्हॅक्युम लावू नका, त्याने थेंब आणखी बारीक होऊन पसरतात. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, जाड कागदाने गोळे एकत्र करून चिकटपट्टीने बारीक थेंब टिपून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, आणि मोरीत तर अजिबात ओतू नका.

आता गन. हे मी एवढ्या ठामपणे का लिहिलं ते पोस्टमध्ये सांगितलं नव्हतं, इथे सांगते. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये संध्याकाळी सासऱ्यांना एकदम हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. आमच्याकडे तेव्हा गनच होती, कोविडमध्ये घेतलेली. कपाळाला धरली तर ९७.१, परत धरली तर ९७.३. आम्ही म्हटलं ताप नाहीये, बाहेर पाऊस आहे, गारठलेत, आलं घालून चहा दिला. पाऊण तासाने पाठीवरून हात फिरवला तर पाठ भट्टीसारखी. शेजारच्या काकूंकडून पेन आणून काखेत लावलं, १०२.८. लघवीचं इन्फेक्शन होतं, चार दिवस ॲडमिट करावं लागलं, सलाइनमधून अँटिबायोटिक दिले. तो पाऊण तास अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

नंतर डॉक्टरांनी जे समजावलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. ताप चढताना मेंदू अंगाचं तापमान मुद्दाम वर न्यायचं ठरवतो, मग अंगातली उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय आणि कपाळ गार पडतं, आणि आत मात्र ताप चढतच असतो, म्हणून तर थंडी वाजते. गन कपाळाच्या कातडीतून निघणारी उष्णता बघते आणि त्यावरून आतला अंदाज बांधते. म्हणजे नेमकं थंडी वाजून ताप चढतोय तेव्हाच ती चुकू शकते. घामाने ओलं कपाळ, वर फिरणारा फॅन, दुपारी उन्हातून आलेलं मूल, या सगळ्यानेही तिचा आकडा हलतो. त्यात कोविडच्या गडबडीत बाजारात कारखान्यात वापरायच्या गनही घुसल्या होत्या. डब्यावर रेंज ३८० डिग्रीपर्यंत लिहिली असेल तर ती भट्टी आणि पाइप तपासायची आहे, माणसांची नाही.

पण तुमच्या घरात गन आहेच तर फेकू नका. रात्री झोपलेल्या लेकराला न उठवता बघायला ती सोयीची आहे, हे मी पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. फक्त ती बॉडी मोडवर आहे ना बघा, सरफेसवर नको, ज्या खोलीत वापरायची तिथे आधी पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, कपाळ कोरडं करा, माहितीपत्रकात दिलंय तेवढंच अंतर ठेवा. आणि घरात सगळे ठणठणीत असताना चार दिवस सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना लावून आकडे लिहून ठेवा, म्हणजे तुमच्या गनचं "नॉर्मल" काय ते कळेल. आकडा आणि मूल जुळत नसतील, म्हणजे गन ९८ म्हणतेय आणि पोरगं मलूल पडलंय, तर पेन काखेत. पेनचा आकडाही पटत नसेल तर सरळ डॉक्टर.

पेन घेताना मी तीन गोष्टी बघते. डब्यावर एमएफजी/एमडी किंवा बाहेरून आलेलं असेल तर आयएमपी/एमडी असा परवाना नंबर हवा. टोक वाकणारं आणि पाण्याने धुता येणारं हवं. आणि सेलचं झाकण पोराच्या नखाने उघडणार नाही असं हवं, हे शेवटचं तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं कारण आत बटणासारखा सेल असतो आणि तो गिळला गेला तर दोन तासात अन्ननलिका भाजू शकते. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी तसंच हॉस्पिटल गाठायचं, शीतून पडेल म्हणून वाट बघायची नाही.

आणि एक वही. आमच्या फ्रिजवर कागद असतो, त्यावर तारीख, वेळ, आकडा, काखेत की तोंडात, औषध कधी दिलं. काखेत कमी दिसतं म्हणून आकड्यात स्वतःहून एक मिळवून डॉक्टरांना सांगू नका, "काखेत १००.२, संध्याकाळी सहाला" एवढंच सांगा, पुढचं त्यांना कळतं. पावसाळ्यात नाशकात डेंग्यूचे पेशंट दिसायला लागले की हा कागद फार उपयोगी पडतो, कारण डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात, पण धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होऊ शकतो. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त, पोरगं गळून जाणं, यातलं काही दिसलं तर ९८.४ बघून थांबायचं नाही. आणि ताप पहिल्यांदा कधी आला हे लिहिलेलं नसेल तर तिसरा दिवस कुठला हे चौथ्या रात्री जागून दमलेल्या आईला आठवत नाही.

जिभेखालचा परिच्छेद मी आज सकाळीच बदललाय आणि खाली "एका वाचकाने लक्षात आणून दिल्यामुळे" असं लिहिलंय. त्यात तीन महिन्यांच्या आतल्या बाळांचंही टाकलं, ते आधी पूर्ण राहूनच गेलं होतं: १००.४ किंवा त्याच्या वर दिसलं तर सकाळची वाट न बघता, स्वतःच्या मनाने औषध न देता, त्याच रात्री डॉक्टरांना दाखवायचं. तुमच्या दीड वर्षाच्या धाकट्याला काखेत लावताना मांडीवर पाठमोरा घेऊन बसा, तुमच्याच हाताने त्याचा हात अंगाशी दाबून धरा आणि खिडकीतून कावळे दाखवा, आमच्याकडे तरी तीन मिनिटं त्यात निघायची.