अकरा हिरो आणि मधली खुर्ची

एकट्या हिरोचा सिनेमा लागला की आमच्या घरात वाद होतो आणि वादात माझं भलं असतं. मुलाला तो हिरो म्हातारा वाटतो, बायकोला तो नाकात बोलतो असं वाटतं, आणि आत्याच्या मते त्याच्यापेक्षा त्याचा बाप बरा होता. बेत आपोआप बारगळतो आणि मी पाय पसरून घरी पडून राहतो. मल्टिस्टारर मारधाडपटाने माझी ही सोय काढून घेतली आहे. त्यात सगळ्यांचंच कोणी ना कोणी असतं. मुलाचा गाड्या उडवणारा असतो, बायकोचा गालातल्या गालात हसणारा असतो, आणि आत्याचा, जो एके काळी देखणा होता, तो आता टोळीचा म्होरक्या होऊन खिडकीबाहेर बघत उभा असतो. ठराव एकमताने मंजूर होतो. एका सिनेमात दहा-अकरा मोठी नावं कोंबायला निर्माते एवढा पैसा का ओततात हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. नाही म्हणणारा माणूस घरात शिल्लक राहू नये, एवढाच तो हिशेब. माझं त्यात कोणी नसतं, पण गाडी मी चालवायची असते.

थिएटरात आत्या माझ्या डावीकडे, मुलगा उजवीकडे. आत्याला सिनेमाची दांडगी हौस आहे आणि कुजबुजणं ही कला तिला अवगत नाही. "अरे, मघाशी विमानातून पडला तो हाच ना?" ती चार रांगांना ऐकू जाईल असं विचारते. तो हा नसतो. पण तिचं तरी काय चुकलं? अकराच्या अकरा जणांना काळं जाकीट, चार दिवसांची दाढी आणि मिट्ट अंधार दिलेला असतो. उजवीकडून मुलगा खुलासा करतो, "बाबा, आत्याआजीला सांग, हा वेगळा. हा फितूर आहे, पण ते शेवटी कळणार आहे." मी निरोप पोचवतो. माझा स्वतःचा सिनेमा तिथेच संपतो. पुढचे दोन तास मी फक्त टपाल खातं चालवतो.

एवढं होऊनही मी या प्रकाराचा शत्रू नाही. उलट पहिला तास मला मनापासून आवडतो. तो जमवाजमवीचा तास. म्होरक्या निवृत्त झालेला असतो आणि एकटाच कुठेतरी लाकडं फोडत असतो. कोणीतरी येऊन त्याच्यापुढे फाइल टाकतं. तो म्हणतो, "मी ते काम सोडलंय." आणि पुढच्याच दृश्यात बॅग भरतो. मग एकेकाला गोळा करायला निघतो. एक तुरुंगात असतो, एक जुगाराच्या टेबलावर, एक पोरांना कराटे शिकवत असतो. प्रत्येक जण आपल्या जागी, आपल्या कामात, एकटा भेटतो. दिग्दर्शकाच्या हातात माणसामागे दोन मिनिटं असतात, आणि दोनच मिनिटं असली की माणूस फालतू काही दाखवत नाही.

ही कला जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाने १९५४ साली 'सेव्हन सामुराई'त अशी काही करून ठेवली की बाकीचे अजून तिच्यावर जगतायत. सिनेमा २०७ मिनिटांचा आहे आणि दरोडेखोरांशी लढायला सात सामुराई, म्हणजे जपानी तलवारबहाद्दर, गोळा करण्यातच त्याचा पहिला तास बराचसा जातो. उमेदवाराची परीक्षा साधी. दाराआड एक पोरगा दंडुका घेऊन उभा. आत येणाऱ्याच्या डोक्यात हाणायचं. एक येतो, वार अडवतो, पण काम ऐकून निघून जातो. दुसरा उंबरठ्याबाहेरच थांबतो आणि हसून म्हणतो, थट्टा पुरे. तो मिळतो. एक दंडुका आणि दोन माणसं आपल्याला कायमची कळली. पुढे त्यांचा झेंडा शिवला जातो, त्यावर सहा गोल आणि एक त्रिकोण. त्रिकोण म्हणजे सामुराई असल्याची बतावणी करणारा शेतकऱ्याचा पोरगा. हा सिनेमा बघताना आत्याने एकदाही "हा कोण?" विचारलं नाही. जपानी येत नसताना, काळ्या-पांढऱ्या चिखलात, सगळे केस बांधलेले असताना!

आताचे सिनेमे झेंडा शिवत नाहीत, ते माणसाला एक धंदा चिकटवतात. बाँबवाला असतो, त्याला विनोद करायचे असतात. कॉम्प्युटरवाला असतो, तो जगातलं कुठलंही कुलूप चार बोटांनी उघडतो आणि "मी आत शिरलो" म्हणतो. तो काय टाइप करतो हे कधीच दाखवत नाहीत. माझ्या मते तो रजेचा अर्ज लिहीत असावा. मग टोळीतली एकमेव बाई. तिला लढाईत चौघांइतकं काम असतं, पण तिच्यासाठी आधी एक मेजवानी भरवावी लागते, म्हणजे तिला पाठ उघडा झगा घालून जिना उतरता येईल. आणि एक जण असतो जो मोहिमेवर निघताना खिशातून मुलीचा फोटो काढून बघतो. "गेला हा," आत्या जाहीर करते. अजून तिचा अंदाज चुकलेला नाही. मागच्या रांगेतले लोक आता तिच्यावर अवलंबून राहू लागले आहेत.

खरा चित्तथरारक भाग मात्र पडद्याच्या बाहेर घडत असतो. अकरा नटांना एकाच चौकटीत बसवणं हे शाळेच्या वर्गफोटोसारखं आहे: प्रत्येकाला मधेच उभं राहायचं असतं आणि कोणालाच बाकावर मागे चढायचं नसतं. 'सेव्हन सामुराई'वरून हॉलिवूडने १९६० साली 'द मॅग्निफिसंट सेव्हन' काढला. त्यात यूल ब्रायनर मुख्य. तो पुढे बोलत असला की मागे स्टीव्ह मॅक्वीन टोपीशी चाळा कर, काडतूस कानाशी धरून हलवून बघ, असं काहीतरी करत राहायचा, म्हणजे डोळे तिकडे जावेत. उंच दिसावं म्हणून ब्रायनर मातीच्या ढिगाऱ्यावर उभा राहायचा आणि मॅक्वीन जाता-येता तो ढिगारा पायाने सारखा करून ठेवायचा, असाही किस्सा सांगतात. हाच मॅक्वीन १९७४ साली 'द टॉवरिंग इन्फर्नो' या आगीच्या सिनेमात पॉल न्यूमनबरोबर आला. पहिलं नाव कोणाचं? तोडगा असा निघाला की मॅक्वीनचं नाव डावीकडे पण खाली, न्यूमनचं उजवीकडे पण वर. डावीकडून वाचणाऱ्याला मॅक्वीन पहिला, वरून वाचणाऱ्याला न्यूमन. इमारत जळत होती आणि माणसं पट्टी घेऊन अक्षरं मोजत होती.

'फास्ट अँड फ्युरियस' या गाड्यांच्या मारधाडपटांच्या मालिकेबद्दल तर २०१९ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने बातमीच दिली होती की पडद्यावर आपण किती मार खायचा, याची तिथले नट काटेकोर काळजी घेतात. हे वाचल्यापासून मला एका जुन्या कोड्याचं उत्तर मिळालं. दोन नामवंत पैलवान वीस मिनिटं एकमेकांना भिंतीतून आरपार फेकतात आणि सामना बरोबरीत का सुटतो? ती मारामारी नसते, तो लेखापरीक्षण झालेला ताळेबंद असतो. जमेला सात ठोसे, नावे सात ठोसे.

तारखांचं आणखी निराळं. अकरा व्यस्त माणसं एका दिवशी मोकळी सापडत नाहीत, म्हणून समोरासमोरचा संवाद दोन वेगवेगळ्या दिवशी उरकतात आणि मधे भाड्याचा खांदा, म्हणजे नटाऐवजी पाठमोरा दुसराच माणूस, उभा करतात. हे मला आत्यामुळे कळलं. "हे दोघं सख्खे भाऊ ना? मग एकत्र का दिसत नाहीत? अबोला आहे का?" ती म्हणाली. तेव्हापासून मी भावनिक प्रसंगांत फक्त खांदे बघतो.

या वाटणीत निर्मात्यांना वाटतं की प्रत्येकाला सारखी मिनिटं दिली की न्याय झाला. मिनिटांवर काही नसतं. 'शोले'तल्या सांभाला विचारा. तो खडकावर बसून असतो आणि गब्बरने विचारल्यावर आपल्या सरदारावरच्या इनामाचा आकडा सांगतो, "पूरे पचास हज़ार." १९७५ पासून आजपर्यंत त्याचं नाव माहीत नसलेला माणूस मला भेटलेला नाही. त्याचं काम ठरलेलं होतं आणि ते दुसऱ्या कोणी करून चाललं नसतं. उलट परवाच्या सिनेमात अकरापैकी चौघं असे होते की त्यांना मध्यंतरात घरी पाठवलं असतं तरी मोहीम यशस्वी झाली असती, आणि पार्किंगमध्ये गर्दीही कमी झाली असती.

आणि मग येते शेवटची लढाई, चाळीस मिनिटांची. मुळात अकरा जणांविरुद्ध एक खलनायक म्हटल्यावर माझी सहानुभूती बिचाऱ्या खलनायकाकडे जाते. ते होऊ नये म्हणून त्याला हजारभर सैनिक पुरवतात, सगळ्यांची तोंडं शिरस्त्राणात झाकलेली. त्यांना बायकामुलं नसतात, नेमही नसतो. समोर अकरा मोठी माणसं उभी आणि हजार बंदुकींतली एक गोळी कोणाला लागत नाही! कॅमेरा दर दोन सेकंदांनी दुसरीकडे उडी मारतो. कोण कोणाच्या मदतीला निघालाय, पूल कुठे आहे, बाँब कोणत्या मजल्यावर, काही पत्ता लागत नाही. आवाज मात्र थेट छातीत पोचतो. आत्याही इथे गप्प होते. तिला गप्प बसवणारं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

नकाशा प्रेक्षकाला दिला की हीच लढाई गोड लागते. 'द डर्टी डझन'मध्ये, १९६७ साली, मोहिमेवर धाडलेल्या बारा गुन्हेगार सैनिकांकडून मोहिमेचा बेत पाढ्यासारखा यमकांत घोकून घेतात. आपलाही तो अर्धा पाठ होतो, आणि पुढे एक पायरी चुकली की आपल्याच पोटात गोळा येतो. २०१२ च्या 'द अ‍ॅव्हेंजर्स'मध्येही लढाई ऐन रंगात आल्यावर टोळीचा म्होरक्या कॅप्टन अमेरिका रस्त्यात उभा राहून कामं वाटतो: तू छतावर, तू वेशीवर, तू आकाशातल्या त्या भोकाकडे. हल्क नावाच्या हिरव्या राक्षसाला सांगतो, फोड. एका मिनिटात सगळ्या थिएटराला कळतं की कोण कुठे असणार. आत्याने तेव्हा मान डोलावली होती. तिला हल्कचं काम फार पटलं.

जुन्या टोळ्यांकडे आणखी एक हिंमत होती, माणसं खरंच मरायची. सात सामुराईंपैकी चार जातात, आणि चौघंही बंदुकीने. आयुष्यभर तलवार घासून. 'डर्टी डझन'च्या बारांतला एकच परत येतो. आता मरण नटाच्या कराराला विचारून येतं, आणि पुढच्या तीन भागांचा करार झालेला माणूस ज्वालामुखीत पडला तरी भुवई करपण्यापलीकडे त्याचं काही होत नाही. मागच्या खेपेला मुलीचा फोटो बघणारा तो बरोबर आत्याच्या भाकिताप्रमाणे मेला. आत्याने डोळे पुसले, चष्मा पुसला. नंतर नामावली संपायची वाट बघत आम्ही रिकाम्या थिएटरात बसून राहिलो, कारण मुलाच्या धर्मात त्याआधी उठणं पाप आहे. आणि नामावलीनंतरच्या तुकड्यात तो एका पांढऱ्या खोलीत डोळे उघडून उठून बसला. "मेल्याने रडवलं फुकट," आत्या म्हणाली.

परतताना गाडीत तिघांचीही तक्रार एकच होती: आपल्या माणसाला कमी वेळ दिला. मुलाच्या हिरोने दोनच गाड्या उडवल्या. बायकोचा फक्त एकदा हसला, तेही हेल्मेटमध्ये. आत्याच्या देखण्याला तर खिडकीपासून हलूच दिलं नव्हतं. अकरा जणांना घेऊन तिघांनाही समाधान नाही, हा हिशेब निर्मात्याने कसा केला असेल कोण जाणे.

"सगळ्यांत चांगलं काम कोणाचं झालं?" मी विचारलं.

"तो ड्रायव्हर," आत्या क्षणात म्हणाली. मध्यंतराच्या आधीच, पुलावर, गाडी आडवी घालून मेलेला. पोस्टरवर त्याचा चेहराही नव्हता. "पुढच्या भागात त्यालाच घ्या म्हणावं. बाकीचे नसले तरी चालतील."

"आत्याआजी, तो मेला ना!" मुलगा म्हणाला.

"मग काय झालं?" आत्या म्हणाली.