नाकापेक्षा शेपूट जड

काल रात्री साडेअकरा वाजता माझं लिबरेटर विमानाचं मॉडेल शेपटीवर बसलं. आठ महिने लागले होते. शेवटचं काम म्हणून चाकं चिकटवली, सुकू दिली, टेबलावर ठेवलं, हात काढला. आणि त्याने एखाद्या आजोबांनी आरामखुर्चीत टेकावं तसं, अगदी सावकाश, नाक पंख्याकडे करून बूड टेकवलं. टक् आवाज झाला. मागच्या टरेटची, म्हणजे तोफवाल्याच्या फिरत्या घुमटाची, काच निखळून सोफ्याखाली गेली. च्यायला, रडायचाच बाकी होतो.

लिबरेटर म्हणजे बी-२४, दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान. १८,००० च्या वर बनली. अमेरिकेने दुसरं कुठलंही लष्करी विमान इतक्या संख्येने बनवलेलं नाही. म्हणजे मोजमाप घ्यायला विमान सापडलं नाही, असं म्हणायची सोय किट बनवणाऱ्यांना नाही. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात एक उभं आहे. परदेशातल्या संग्रहालयांत दिमाखात उभी असलेली बरीचशी आपल्याच हवाईदलातून गेलेली आहेत. जायचं, टेप लावायचा, मोजायचं. पण नाही!

मला आपलंच करायचं होतं. वडिलांचं लहानपण येरवड्याला गेलं, लोहगावची ही चार इंजिनांची धुडं डोक्यावरून घरघरत जायची, ते अजून सांगतात. ब्रिटिशांनी जाताना कानपूरला, चकेरीच्या तळावर, ही विमानं मुद्दाम मोडून ठेवली होती, परत कोणी उडवू नयेत म्हणून. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टवाल्यांनी त्या भंगारातून चाळीसेक उभी केली. १९४८ साली पाच नंबरच्या स्क्वाड्रनला मिळाली, पुढे सहा नंबरने त्यांच्यावर समुद्रात गस्त घातली, आणि ती १९६८ पर्यंत उडत होती. त्या लोकांना मोडलेली विमानं मिळाली. मला साडेचार हजार रुपये आणि वर कस्टम भरून डबाबंद मोडलेलं मिळालं.

कंपनीचं नाव घेत नाही. १/७२ चं किट, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं. बॉडीचे दोन अर्धे भाग एकमेकांवर ठेवले तर शेपटीकडे दीड मिलिमीटरचा फरक. दीड मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण गुणिले ७२ करा. खऱ्या विमानात जवळजवळ ११ सेंटिमीटर! अर्ध्या वितीच्या फटीतून मागच्या तोफवाल्याला सर्दी झाली असती. ती फट एम-सीलने भरली. हे वाक्य लक्षात ठेवा.

मग इंजिनं. लिबरेटरच्या इंजिनाचं तोंड गोल नसतं. आतलं १४ सिलिंडरचं इंजिन गोलच, पण दोन्ही बाजूंना टर्बोसुपरचार्जरकडे (इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) हवा नेणारे मार्ग आहेत, त्यामुळे समोरून बघितलं की आडवं ठेवलेलं अंडं दिसतं. त्या विमानाची ओळखच ती. ह्या दीडशहाण्यांनी चारही तोंडं गोल दिली आहेत, पाण्याच्या बाटलीच्या झाकणासारखी. एक चुकलं असतं तर समजू शकतो. चार!

अडीच महिने मी ही चार झाकणं अंडी करत होतो. दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावायच्या, वर एम-सील, मग पॉलिश पेपर, चारशे, सहाशे, हजार नंबर, पाण्यात बुडवून घासायचं. पहिलं जमलं की दुसरं त्याच्यासारखं होत नाही. तिसरं दुसऱ्यासारखं होतं, पण आता पहिलं वेगळं दिसायला लागतं. चौथ्याच्या वेळी माझ्या बोटांचे ठसे गेले, ऑफिसात हजेरीचं मशीन मला ओळखेना. वर घासताना पॅनेलच्या कोरीव रेघा पुसल्या जातात, त्या सुईने परत कोरायच्या. एक रेघ घसरली की परत एम-सील.

बॉम्बच्या कप्प्याची दारं तर मी सोडूनच दिली. खऱ्या विमानात ती दुकानाच्या शटरसारखी बाहेरून वर सरकतात, बाजूला उघडत नाहीत. किटमध्ये सपाट फळकुटं. बंद ठेवली. जा.

पोटाखालचा गोल टरेट कापला, कारण आपल्या गस्तीच्या विमानांवर तिथे रडार होतं. ते टूथपेस्टच्या टोपणातून केलं आणि, खरं सांगतो, झकास झालं. ह्या सबंध विमानात किटमधून न आलेली तेवढीच वस्तू पहिल्या फटक्यात बसली.

आता रंग. आपली लिबरेटर चंदेरी, बिनरंगाच्या धातूची. हिरवा-खाकी असता तर निम्मी पापं झाकली गेली असती. चंदेरी म्हणजे आधी आरशासारखा काळा मारायचा, त्यावर चांदी, आणि चांदी लागली की आठ महिन्यांत भरलेली प्रत्येक फट टाका घातल्यासारखी दिसते. आम्ही राहतो घोडबंदर रोडला. खिडकी उघडली तर मेट्रोच्या कामाची धूळ ओल्या काळ्यावर. खिडकी लावली तर थिनरच्या वासाने घरात भांडण. रात्री दोनला, ट्रक जरा कमी झाल्यावर, बाथरूममध्ये गरम पाणी सोडून धूळ बसवून मारायचं म्हटलं, तर जुलै महिना, हवेतच एवढं पाणी की लॅकर पांढुरकं पडलं. तीनदा उतरवलं. तिसऱ्या वेळी बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, पितांबरी देऊ का?"

आणि आता त्या बुडाचं.

लिबरेटरला पुढे नाकाखाली चाक आहे, त्यामुळे मॉडेलच्या नाकात वजन घालावंच लागतं. किती, हे कागदावर लिहिलेलं नाही. कुठे, तेही नाही, कारण नाक सगळं काचेचं, लपवणार कुठे? मी चेंदणी कोळीवाड्यात जाऊन जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या. कशाला हव्यात विचारलं, विमानाला म्हटलं, मावशींनी माझ्याकडे असं काही बघितलं की गोळ्या घेऊन गुपचूप निघालो. कॉकपिटच्या फरशीखाली ४० ग्रॅम बसवल्या. सेलोटेपने सगळं जोडून, चाकांच्या रेषेत पेन्सिलीवर तोलून बघितलं. नाक खाली. फिट्ट. बॉडी बंद केली.

त्यानंतर शेपटीचे दोन उभे पंख बघितले. एक दुसऱ्यापेक्षा बुटका! मग त्याला एम-सील. दुसरा पाटासारखा जाड, तो घासून भोक पडलं, त्याला एम-सील. मागची फट दुसऱ्यांदा उघडली, तिलाही. एम-सील काय कापूस नाही. आणि शेपूट चाकांपासून इतकी लांब की तिथला एक ग्रॅम कॉकपिटखालच्या दोन-अडीच ग्रॅमना भारी पडतो. हे मला शाळेत शिकवलंय. सातवीत की आठवीत. तराजूचं चित्र होतं.

म्हणजे किटची प्रत्येक चूक मी सुधारली आणि त्या सुधारणांनीच विमान मागे ओढलं. काहीच न करता, वाकड्या शेपटीचं, फटीसकट ठेवलं असतं, तर हे आज टेबलावर तीन चाकांवर उभं असतं.

भाचा सकाळी आला. बघून म्हणाला, "मामा, हे टेकऑफ करतंय का?" हो म्हटलं.

शेपटीखाली काडी लावून ठेव, असं सगळे सांगतायत. काडी! साडेशेहेचाळीस सेंटिमीटर पंखांचं विमान आणि खाली अगरबत्तीची काडी. वजन घालायला चाकांच्या पुढे आता एकच पोकळ जागा उरली आहे. इंजिनांची घरं. चाकांच्या जेमतेम पुढे, म्हणजे शिसंही भरपूर लागणार, आणि ते आत घालायचं तर पुढची तोंडं कापून काढावी लागणार.

चारही. तीच अंडी.