थकलेली बिले आधी, नवी अनुदाने नंतर

लहान उद्योजकांनी आपल्या आमदारांकडे सर्वप्रथम काय मागावे, यावर आम्हा इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक वसाहतीतील कारखानदारांमध्ये नेहमी चर्चा होते. कोणी वीजदराचे नाव घेतो, कोणी व्यवसाय कराचे. हे प्रश्न खरेच आहेत. परंतु मध्य प्रदेश विधानसभेने आधी एकच विषय हाती घ्यायचा असेल, तर तो थकलेल्या बिलांचा असावा, असे माझे ठाम मत आहे.

मी पुठ्ठ्याची खोकी बनवतो. कागद रोखीने घ्यावा लागतो, कारागिरांचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो आणि पैसे हाती आले असोत वा नसोत, एकदा बिल फाडले की जीएसटी मुदतीत भरावाच लागतो. माल पोहोचवल्यावर एका मोठ्या खरेदीदाराच्या गेटवर चलनावर शिक्का मिळतो, पण तारीख टाकली जात नाही. माल अजून तपासायचा आहे, असे सांगितले जाते. वास्तविक २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोहोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो. लेखी करार असला तरी त्यानंतर ४५ दिवसांहून अधिक उधारी चालत नाही, करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच, आणि ती उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते.

कायदा केंद्राचा असला, तरी तक्रारी ऐकणारी सुविधा परिषद नेमणे, आवश्यक तेवढ्या परिषदा काढणे आणि त्यांच्या कामकाजाचे नियम करणे हे सर्व राज्य शासनाकडे आहे. प्रकरण ९० दिवसांत निकाली काढावे, असे कायदा सांगतो. ते निघते की नाही, हे सभागृहाने दर अधिवेशनात विचारले पाहिजे आणि पुरेशी माणसे दिली पाहिजेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये भोपाळला जागतिक गुंतवणूकदार परिषद झाली. नवे कारखाने यावेत, ही माझीही इच्छा आहे. परंतु चालू कारखान्याचे खेळते भांडवल दुसऱ्याच्या तिजोरीत अडकून राहिले, तर अनुदानाने ती पोकळी भरून निघत नाही.

तक्रार करण्याचे धाडसही फार थोड्यांना होते, कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेलीच म्हणून समजावे. म्हणूनच सुरुवात शासनाने स्वतःपासून करावी, असे मला मनापासून वाटते. राज्याचे प्रत्येक खाते, महामंडळ आणि नगरपालिका यांच्याकडील ४५ दिवसांहून जुन्या बिलांची यादी, पुरवठादाराने मागणी न करताही, अर्थसंकल्पासोबत सभागृहापुढे ठेवली जावी.

आणखी एक उणीव आहे. २०२१ मध्ये घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडील नोंदणी, खुली झाली, पण तिचा लाभ प्राधान्य क्षेत्रातील, म्हणजे बँकांनी ठरावीक प्रमाणात द्यायच्याच असलेल्या, कर्जापुरताच राहिला; इंदूरच्या सियागंज बाजारातील व्यापाऱ्याने सरकारी कार्यालयाला माल दिला, तर त्याला ४५ दिवसांचे संरक्षण नाही. निदान शासकीय खरेदीपुरते तरी ते त्याला राज्याच्या कायद्याने देता येईल, आणि येत्या अधिवेशनात इंदूरच्या आमदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून तसे अशासकीय विधेयक मांडावे.