अजून थोडं टोचा

नीडल फेल्टिंगच्या, म्हणजे मोकळी लोकर सुईने टोचून वस्तू घडवण्याच्या, वर्गाची जाहिरात नेहमी खरं बोलते. पूर्वानुभवाची गरज नाही, हे खरं. सगळं साहित्य जागेवर मिळेल, हेही खरं. तीन तासांत लोकरीचा प्राणी तयार होईल, हेसुद्धा खरं. फक्त कुठला प्राणी, याची हमी कुणी देत नाही. फोटोतला ससा शिक्षिकेने केलेला असतो आणि तो तीन तासांत झालेला नसतो. आपल्या हातून जे घडतं ते ढोबळ मानाने गोल, एका कुशीवर झुकलेलं आणि बोटाने दाबलं तर दबलेलंच राहणारं असं काहीतरी असतं. घरचे ते हातात घेऊन उलटंपालटं करून बघतात आणि "रंग छान आहे" म्हणतात.

माझं स्पष्ट मत असं आहे की या कलेत बिघडणाऱ्या बहुतेक गोष्टींच्या मुळाशी एकच कारण असतं: माणूस टोचायचं थांबवतो. शिक्षिका वर्गभर "अजून थोडं टोचा" म्हणत फिरत असते. लोकांना ती बोलायची पद्धत वाटते. ती सूचना असते.

इथे शिवण नाही, विणकाम नाही, दोरा नाही, गाठ नाही. मोकळी लोकर फोमच्या जाड तुकड्यावर ठेवायची आणि सुईने टोचत राहायचं, एवढीच कृती. लोकरीच्या तंतूवर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात, त्यामुळे तंतू एकमेकांत अडकले की सहजी सुटत नाहीत. गरम पाणी, साबण आणि चोळणं या तीन गोष्टींनी लोकरीचा स्वेटर बाहुलीच्या मापाचा होतो, तेच काम इथे कोरड्याने होतं. फेल्टिंगच्या सुईच्या पात्यावर बारीक खाचा असतात आणि त्यांची तोंडं टोकाकडे वळलेली असतात. सुई आत जाताना काही तंतू ओढून नेते, बाहेर येताना मात्र रिकामी येते. तंतू आत राहतात आणि गुंततात. एका टोचण्यात जेमतेम काही तंतू हलतात. पिंगपाँगच्या चेंडूएवढा गोळा घट्ट व्हायला अशी किती टोचणी लागत असतील, याचा हिशेब वर्गात कुणी सांगत नाही, कारण सांगितला तर मध्यंतरानंतर खुर्च्या रिकाम्या दिसतील.

ही सुई मुळात हातासाठी बनलेलीच नाही. न विणता कापड तयार करणाऱ्या कारखान्यांत अशा हजारो सुया एका फळीत बसवलेल्या असतात आणि ती फळी वरखाली होत राहते. सुईचा वरचा भाग काटकोनात वाकवलेला असतो तो त्या फळीत नीट बसावा म्हणून. हातात धरून मूर्ती घडवण्याची पद्धत अगदी अलीकडची, १९८०च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेली. तेव्हा तासाभराने तर्जनीच्या पेरात तो वाकडा भाग रुतायला लागला, तर त्यात आपलं धरणं चुकत नसतं. यंत्राला पेर नसतात. लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ मिळते, ती वापरावी. नाहीतर सुईच्या वरच्या टोकाला रबरबँड गुंडाळावा.

सुयांना गेजचे, म्हणजे जाडीचे, आकडे असतात आणि आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. नवशिक्याचा हात हमखास उलट्या दिशेने जातो. ३६ची सुई जाड, सुरुवातीला गाभा आवळायला. ३८ची सर्वकामी. ४०ची बारीक, शेवटी पृष्ठभाग गुळगुळीत करायला. पात्याचा छेद बहुधा त्रिकोणी असतो. चार धारांची, चांदणीसारख्या छेदाची सुईही मिळते, तिच्यावर खाचा जास्त असल्याने काम जरा लवकर उरकतं. वर्गात बहुतेक वेळा ३८ची एक सुई हातात ठेवतात आणि तीच बरोबर. ज्याच्याकडे निवडायला सुया आहेत तो भुसभुशीत गोळ्याला ४०च्या सुईने टोचत बसतो आणि संध्याकाळपर्यंत गोळा भुसभुशीतच राहतो. किंवा जाड सुईने शेवटचा हात फिरवतो आणि सशाला देवीचे व्रण उठतात.

सुई मोडते ती सहसा जोराने टोचल्यामुळे नाही. सरळ आत घालायची आणि तिरकी करून बाहेर ओढायची, किंवा आत असतानाच तिने लोकर इकडची तिकडे ढकलायची, या सवयीमुळे ती मोडते. ज्या कोनात आत गेली त्याच कोनात बाहेर यायला हवी. पोलाद कडक आणि टोक बारीक, त्यामुळे ते न वाकता तुटतं आणि आत राहतं. तुटलेलं टोक सापडेपर्यंत काम पुढे न्यायचं नाही, इथे विनोद संपतो. विशेषतः ती वस्तू मुलाच्या हातात जाणार असेल तर. सुई पोलादाची असते, म्हणून साधं लोहचुंबक गोळ्यावरून आणि फोमवरून फिरवावं. टोक खोल असेल तर चुंबकाला दाद देत नाही. मग गोळा चारी बाजूंनी जपून चिमटत शोधायचं, आणि तरीही मिळालं नाही तर तो गोळा सोडून द्यायचा. अर्धा झालेला प्राणी टाकवत नाही, हे मान्य. तरी टाकायचा.

आता लोकर. टेबलावर रंग मांडलेले असतात आणि सगळे हात मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीकडे जातात, कारण ती मऊ असते, चकचकीत असते आणि गालाला लावून बघावीशी वाटते. मेरिनोचे तंतू फार बारीक, साधारण १८ ते २४ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि विंचरून एका दिशेने लावलेल्या पेळूच्या रूपात ती येते. सगळे तंतू शिस्तीत एकाच बाजूला निजलेले, सुईखालून निसटणारे, आणि वर प्रत्येक टोचण्याची खूण दाखवणारे. कॉरिडेल मेंढीसारखी २५ ते ३० मायक्रॉनची, पिंजून थरात आलेली लोकर दिसायला राठ असते. तिचे तंतू आधीच चारी दिशांना पसरलेले असतात, त्यामुळे ती अर्ध्या श्रमात आवळते. आतला गाभा तर न रंगवलेल्या स्वस्त पिंजलेल्या लोकरीचाच करावा आणि रंगीत लोकर वरून पातळ थरात चढवावी. एवढं सांगूनही वर्गात एकजण तरी मेरिनोचाच आख्खा हत्ती करायला घेतो.

लोकर कात्रीने कापायची नाही, ओढून वेगळी करायची. ही गोष्ट पहिल्याच दहा मिनिटांत माणसांची लाज काढते. दोन्ही मुठी पेळूवर जवळजवळ ठेवून धट्टेकट्टे लोक ती ओढतात, लाल होतात आणि पेळू जागचा हलत नाही. कारण सोपं आहे. तंतू आठ-दहा सेंटिमीटर लांब असतो आणि त्याची दोन्ही टोकं आपणच दोन मुठींत धरलेली असतात. दोन हातांत वीत-दीड वीत अंतर ठेवलं की तंतू एकमेकांवरून घसरतात आणि पेळू निमूटपणे सुटतो. कापलेल्या लोकरीची टोकं बोथट आणि एका रेषेत असतात, ती आत मिसळत नाहीत, वर कडा दिसत राहते.

मग येतो गोळा. पुढे काहीही करायचं असो, आधी गोळा करावाच लागतो, आणि सगळी फसगत होते ती इथेच. लोकर बाजूंनी आत दुमडत, वळकटी बांधतात तशी गच्च गुंडाळायची. जितकी गच्च गुंडाळाल तितकं पुढचं टोचणं वाचतं. मग सुई थेट मध्यापर्यंत जाईल अशी खोल टोचायची आणि दर पाच-सहा टोचण्यांनी गोळा फिरवायचा. फिरवला नाही तर ती बाजू चपटी होते, शिवाय तंतू खालच्या फोममध्ये शिरतात आणि गोळा फोमला चिकटतो. मग तो उचलताना फोमला केस येतात आणि गोळ्याला टक्कल पडतं. पाव तासाने समोर छान गोल, हवा तेवढा, फोटोतल्यासारखा गोळा असतो. माणूस सुई खाली ठेवतो. झालं की!

झालेलं नसतं. तो गोळा म्हणजे बराचसा वारा असतो. नीट आवळला की त्याचा निम्मा, कधी तिसरा हिस्सा उरतो, म्हणून सुरुवातीला लोकरीचा ढीग पाहिजे त्याच्या दुप्पट-तिप्पट दिसायला हवा. डोळ्यांना आकार पटला की हात थांबतो, आणि फेल्टिंगमध्ये आकार सगळ्यात आधी पटतो, घट्टपणा सगळ्यात शेवटी येतो. मधला काळ हाच खरा वर्ग. तो काळ कंटाळवाणा आहे, यावर कुठलाही उपाय नाही, आणि जो शिक्षक "ध्यान लागतं हो!" म्हणतो त्याच्या बोटांना घट्टे पडलेले असतात.

दुसरी फसवणूक याहून बारीक. हात दुखायला लागला की टोचणं आपोआप उथळ होतं. वर एक टणक साल तयार होते आणि आत लोकर तशीच मोकळी राहते. वरून चाचपलं तर घट्ट, आतून पोकळ आश्वासन. त्यावर डोकं बसवायला गेलं की सालीला सुरकुत्या पडतात. एकदा साल धरली की आतला भाग आवळणं जिकिरीचं होतं, म्हणून क्रम आधी खोल, मग मध्यम, शेवटी उथळ असाच ठेवायचा.

झालं हे कसं ओळखायचं? अंगठा आणि बोटात दाबावं. लगेच पूर्ववत झालं पाहिजे. चिमटीत पृष्ठभाग उचलून बघावा, तंतू सुटून हातात येता कामा नयेत. आणि कान द्यावा: मोकळ्या लोकरीत सुई मुकाट जाते, घट्ट होत आली की बारीक करकर ऐकू येते. अतिघट्ट करणंही शक्य आहे. मग सुई शिरत नाही, मोडते, आणि तोंड-नाकासाठी खळगा पाडता येत नाही. पण पहिल्या वर्गात कुणी त्या टोकाला पोचल्याचं मला माहीत नाही, तेव्हा ती काळजी करू नये.

अवयव जोडणं ही पुढची पायरी, आणि मऊ गोळ्याचं पाप इथे फेडावं लागतं. कान किंवा पाय स्वतंत्र करायचा आणि त्याच्या बुडाशी दोनेक सेंटिमीटर लोकर न टोचता मोकळी ठेवायची. ती झिपरी अंगावर पसरून खोल टोचली की कान बसतो. अंग भुसभुशीत असेल तर त्या तंतूंना आत धरायला काही नसतं, आणि कान कुणाच्याही शिंकेने उडतो. दोन्ही कानांची लोकर आधीच शेजारी शेजारी काढून ठेवावी. एक कान पूर्ण करून मग दुसरा त्याच्या मापाचा करू म्हणणाऱ्याला एक ससा आणि अर्ध्या गाढवाचं साहित्य मिळतं. मान जोडताना चारी बाजूंनी तिरकी, लांब टोचणी हवीत, डोक्यातून अंगात आणि अंगातून डोक्यात, आणि वरून लोकरीची पातळ पट्टी गुंडाळून सांधा झाकावा. समान उंचीचे चार पाय हा मानवजातीला अजून न सुटलेला प्रश्न आहे. म्हणूनच जाणते शिक्षक पहिल्या वर्गाला घुबड किंवा पेंग्विन देतात, आणि त्यांच्या या दूरदृष्टीबद्दल मला नितांत आदर आहे.

डोळ्यांनी मात्र सगळ्या केल्या-कष्टाचा निकाल लागतो. आधी खळगा पाडायचा, म्हणजे एकाच जागी टोचत राहायचं. लोकर तिथे आपोआप बसते. मणी लावायचा असेल तर तो दोऱ्याने डोक्याच्या आरपार ओवून मागे आवळायचा. लोकरीचा डोळा करायचा तर काळी लोकर तिळाएवढी घ्यायची, जितकी वाटते त्याच्या निम्मी, आणि आधी मध्ये, मग कडेने टोचायची. त्याआधी काळ्या डोक्याच्या दोन टाचण्या खोचून जागा बघावी. डोळे जवळ आणि वर गेले की ससा हिशेब मागायला आल्यासारखा बघतो. खाली आणि लांब ठेवले की बाळसेदार दिसतो. फरक दोन-तीन मिलिमीटरचा असतो. काळी लोकर उघडण्यापूर्वी पांढरं सगळं काम संपवावं, कारण काळा तंतू फोमवर दबा धरून बसतो आणि सशाच्या पोटावर उगवतो. फोमवर चिकटपट्टी दाबून उचलली की तो निघतो.

बोटांबद्दल थोडक्यात. टोचणाऱ्या हाताचं कधी काही बिघडत नाही, धरणाऱ्या हाताचं बिघडतं. गोळा तळहातावर न धरता फोमवर ठेवायचा, अंगठ्यावर आणि तर्जनीवर चामडी अंगुस्तानं घालायची आणि शेजारणीशी बोलायचं असेल तर सुई थांबवून बोलायचं. वर्गात हशा पिकला की पाठोपाठ "आई गं" ऐकू येतं, हा क्रम सहसा चुकत नाही. खाचांमुळे ही सुई साध्या सुईपेक्षा जास्त झोंबते. जखम धुऊन पट्टी लावावी. पांढऱ्या लोकरीवर डाग पडला तर थंड पाण्याने हलकेच टिपावा. गरम पाण्याने डाग पक्का होतो, आणि चोळलं तर ससा आखडतो.

शेवटी ४०च्या सुईने उथळ आणि तिरकं टोचत सगळ्या अंगावरून फिरायचं, उरलेलं लव कात्रीने छाटायचं. त्यानंतर त्याला एकच शत्रू उरतो, कसर. कपड्यांच्या पतंगाच्या अळ्यांना लोकरीतलं केराटिन पचतं आणि आपण किती तास टोचत होतो याचं त्यांना काही नसतं. लोकर आणि तयार वस्तू घट्ट बंद पिशवीत ठेवाव्यात. अळीची शंका आली तर पिशवी उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये निदान दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर आतला गारवा पूर्ण जाईपर्यंत उघडू नये, नाहीतर लोकरीवर दव धरतं. पिशवीवर ठळक अक्षरांत काय आहे ते लिहावं. बर्फ काढायला गेलेल्या माणसाला अंधारात दोन काळे डोळे दिसले, तर फ्रीजरचा दरवाजा आणि घरातली शांतता दोन्हीचं नुकसान होतं.